खवल्याचे पिल्लू आणि सोनकिडे

कल्याणच्या सरकारी शाळेत मी मास्तर होतो तेव्हाची ही हकीकत आहे. पारनाक्यापासून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचे भाड्याचे दोन खणांचे घर होते. घरात आम्ही तिघे: मी, माझी पत्नी आणि आमची मुलगी. तिच्या आधीची दोन मुले वर्षाच्या आतच गेली होती, आणि तिच्यानंतर पुन्हा पाळणा हलला नाही.

पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात असताना मला प्राण्यांच्या वर्गीकरणाचे वेड लागले होते. जगातला कुठलाही जीव घ्या, त्याला एक ठरलेले घर आहे, आणि नीट पाहिले तर ते घर सापडते, या गोष्टीचा मला फार आधार वाटत असे. दोन मुले गेल्यावर तर जास्तच. मी सुताराकडून एक उभे कपाट करून घेतले होते. त्याची वरची फळी पृष्ठवंशी प्राण्यांची, म्हणजे पाठीचा कणा असलेल्यांची, खालची अपृष्ठवंशी. वर सापाची कात, पक्ष्यांची अंडी, मुंगसाची कवटी. खाली शिंपले, खेकड्याची नांगी, भुंगे, फुलपाखरे. शाळेतली मुले पाठ म्हणून घोकत आणि विसरत. माझी मुलगी सात वर्षांची असतानाच त्या कपाटापाशी बसून राहू लागली. पहिल्यांदा तिने वाळलेले वटवाघूळ चिमणीच्या अंड्याजवळ ठेवले. ते पिलांना पाजते, म्हणून ते पक्षी नव्हे, असे मी सांगितल्यावर तिने ते उचलून मुंगसाशेजारी ठेवले, आणि बराच वेळ त्या दोघांकडे पाहत बसली. पुन्हा तशी चूक तिने केली नाही.

त्या वर्षांत मलंगगडाच्या बाजूचे जंगल झपाट्याने तुटत होते. आगगाडीच्या रुळांखाली घालायला, पुलांना, घरांना लाकूड लागे. बैलगाड्यांच्या रांगा ओंडके घेऊन स्टेशनाजवळच्या वखारीत येत. तिथे ओंडक्यांच्या थप्प्या माणसाच्या दुप्पट उंच लागलेल्या असत. ज्येष्ठ सरता सरता त्या थप्प्यांच्या सालीखालून सोनकिडे बाहेर पडायचे. हिरवा, त्यात तांबूस सोनेरी झाक, आणि उन्हात धरला की निळा. अळी आत लाकूड पोखरत वाढते, झाड तुटले तरी ती आतच असते, आणि वखारीत पोचल्यावर तिचे दिवस भरतात. जंगलात जन्मायचे ते किडे स्टेशनाच्या धुरात जन्म घेत होते. माझी मुलगी वखारीच्या कुंपणाशी जाऊन ओंजळीत चार-दोन घेऊन यायची. वेताच्या टोपलीखाली बाभळीचा पाला घालून ठेवायची. गावातल्या काही बायका या किड्यांचे पंख खणावर, टोपऱ्यावर टाचत. शेजारच्या एका काकूंनी हिच्यासाठीही तसे टोपरे शिवले होते. तिने ते एकदाही डोक्याला लावले नाही. काकूंना वाईट वाटू नये म्हणून घडी घालून पेटीत ठेवले.

ती नऊ वर्षांची होती त्या फाल्गुनात आमच्याकडे खवल्या मांजराचे पिल्लू आले.

मोळी विकायला एक कातकरीण आमच्या दारी यायची. मलंगगडाच्या पायथ्याशी तिची वाडी होती. माझ्या पत्नीशी तिचे बरे जमायचे; दोघी ओट्यावर बसून बोलत, एक पायरीवर, एक वर. त्या सकाळी मोळी टाकल्यावर तिने कमरेचे फडके सोडले, आणि आतून वीतभर लांबीचे, फिकट खवल्यांचे काहीतरी बाहेर काढले. ते लगेच शेपटी गुंडाळून मोरावळ्याच्या लहान बरणीएवढा गोळा झाले. तिने काही लपवले नाही. झाड पाडताना त्याखालच्या बिळातून आई निघाली होती, तिच्या शेपटीवर हे पिल्लू बसलेले होते. आईला वाडीतल्यांनी मारून खाल्ले, तिने स्वतःही खाल्ले. पिल्लावर मात्र हात उचलला गेला नाही. "तुमच्या घरात लेकरू आहे, बाय," ती माझ्या पत्नीला म्हणाली. "ते याला जगवील."

माझ्या पत्नीने आधी नाक मुरडले. घरात असले ओंगळ जनावर नको म्हणाली. पण पिल्लू हळूहळू उलगडले, त्याने आपले निमुळते तोंड मुलीच्या हातावर फिरवले, काहीतरी शोधले, आणि बोटाला चाटू लागले. माझी पत्नी उठून आत गेली आणि वाटीत शेळीचे दूध घेऊन आली. कापसाची वात दुधात बुडवून तिने ती पिल्लाच्या तोंडाशी धरली. दोन मुलांच्या वेळी तिने शेवटी शेवटी असेच केले होते. 

दुसऱ्या दिवशी मी पिल्लू टोपलीत घालून शाळेत नेले आणि वर्गाला विचारले, हा कोण? कोणी मासा म्हणाले, कोणी घोरपड, एकाने कासवाचा भाऊ ठरवला. घरी आल्यावर मी तोच प्रश्न मुलीला केला. तिने उत्तर देण्याआधी पिल्लाला उताणे करून पाहिले. पोटावर विरळ केस होते. खवल्यांच्या मधूनही राठ केस डोकावत होते. "याला केस आहेत, आणि हे दूध पितं," ती म्हणाली. "मग हे आपल्यातलंच आहे." मी तिला सांगितले की बरोबर, हा सस्तन, आणि तोंडात दात नसल्यामुळे दंतहीन गणातला. यावर तिने शेजारच्या दात पडलेल्या आजोबांचे नाव त्या गणात घातले आणि आम्ही खूप हसलो. त्या घरातले ते हसणे मला अजून ऐकू येते.

पुढचे चार महिने आमच्या घरातले सर्वात चांगले होते. पिल्लू दिवसा जुन्या लुगड्याच्या धडप्यात झोपे, आणि उन्हे कलली की मुलीच्या दंडाला नख्या रोवून, शेपटीचा विळखा घालून बसे. दूध सुटल्यावर ती त्याला काळ्या तलावाच्या बांधाजवळच्या वारुळांवर नेऊ लागली. ते लांब जीभ आत सोडून वाळवी खायचे, आणि ती शेजारी मुकाट बसायची. मी नाव ठेवायला सुचवले तेव्हा ती नको म्हणाली. त्याचे खवले कडक झाले आणि त्याला आपले आपण वारूळ फोडता आले की कातकरणीबरोबर जाऊन त्याला डोंगरात सोडायचे, हे तिने मनाशी ठरवले होते. जो आपल्याकडे राहणारच नाही, त्याला नाव ठेवून त्याचा गोंधळ कशाला करायचा, असे तिचे म्हणणे होते.

ज्येष्ठात सोनकिडे आले, तेव्हा एका दुपारी आम्ही दोघांनी पाटीवर एक तक्ता केला. डावीकडे खवल्या, उजवीकडे सोनकिडा. तिला गंमत वाटत होती ती ही की दोघेही चिलखत घालतात. मग फरक कुठे? आम्ही एकेक ओळ लिहीत गेलो. खवल्याला पाठीचा कणा आतून, किड्याचा सगळा सांगाडाच बाहेरून. खवल्याचे चिलखत केसांच्या जातीचे, नखासारखे. किड्याचे चिलखत म्हणजे वरचे दोन पंख, म्हणून तो ढालपंखी. याला पाय चार, त्याला सहा. हा मुंग्या खातो, तो पाला. हा भ्याला की गोळा होतो, तो भ्याला की मेल्याचे सोंग करतो. मग तिने विचारले, याच्या आईला पिल्ले किती होतात. मी सांगितले, एका वेळी एक. आणि सोनकिड्याला? अंडी पुष्कळ, मोजता येणार नाहीत. तिने तीही ओळ लिहिली. मग तिने खाली आणखी एक ओळ आखली आणि लिहिले, "उरले किती?" दोन्ही रकाने रिकामे ठेवले.

मी तिला म्हणालो, हे कोणी मोजलेले नाही. ती म्हणाली, मग मोजायला हवे. एकच पिल्लू होणाऱ्याचे तर आधी.

सरकारने डोंगरातला काही भाग राखीव जंगल केला आहे, तिथे कुऱ्हाड लावायची बंदी आहे, हे मी तिला सांगितले होते. तिने विचारले, राखीव म्हणजे खवल्यालाही राखीव का? मला ठाऊक नव्हते. ठाण्याला जंगल खात्याचे एक साहेब असतात, त्यांना विचारून येतो, असे मी कबूल केले. मी गेलो तो तिच्या प्रश्नासाठीच गेलो, एवढे मला आजही खात्रीने म्हणता येते.

साहेबांचा बंगला मासुंदा तलावाच्या पलीकडे होता. मोठे सभ्य गृहस्थ होते. मला खुर्ची दिली, माझे मोडके इंग्रजी शांतपणे ऐकून घेतले. जंगल राखीव आहे ते सागासाठी, ऐनासाठी, असे त्यांनी सांगितले. त्यांच्याजवळ एक यादी होती. सोनकिडा तीत होता, पण लाकडाचा नाश करणारे किडे या मथळ्याखाली. खवल्या कुठेच नव्हता. तो ना उपयोगी, ना उपद्रवी. त्याची नोंद कोण करणार? मग त्यांनी मला विचारले की या जनावराविषयी मला एवढी माहिती कशी, आणि मी फुशारकीने सांगितले की आमच्या घरी त्याचे पिल्लू आहे.

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांच्या बंगल्याच्या मागच्या खोलीत जिल्ह्यातल्या प्राण्यांचा संग्रह होता. त्यात मोठा खवल्या होता, पण इतक्या लहान वयाचा नव्हता. असे पिल्लू मिळाले तर उत्तम नमुना होईल, असे ते म्हणाले. बोलता बोलता त्यांना कळले की मराठी शाळांसाठी प्राण्यांवर एक पुस्तक लिहायची माझी इच्छा आहे. अशी पुस्तके पसंत करणाऱ्या मंडळीत त्यांचे वजन होते. आपण शब्द टाकू, असे त्यांनी आपणहून सांगितले. एकाला दुसऱ्याची अट त्यांनी घातली नाही. तशी गरजच पडली नाही.

नमुना म्हणजे काय हे मला माहीत नव्हते असे नाही. माझे कपाट नमुन्यांनीच भरलेले होते.

कल्याणला परतताना मी मनात वाक्ये जुळवत होतो. घरी येऊन मुलीला सांगितले की साहेबांकडे फार मोठी बाग आहे, तिथे वाळवी भरपूर आहे, आणि जनावरांचे कळणारी माणसे आहेत. पिल्लू तिथे नीट वाढेल, मग ते लोकच त्याला राखीव जंगलात सोडतील. ती ऐकत राहिली. तिने फक्त एवढेच विचारले, "नक्की सोडतील ना, अप्पा?" मी म्हणालो, नक्की. माझी पत्नी चुलीपाशी होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा चुलीकडे वळली. ती काही बोलली असती तर मी थांबलो असतो, असे मी कितीतरी वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही.

मुलीने पिल्लाला स्वतः धडप्यात गुंडाळले, वारुळाची माती एका मडक्यात भरून दिली, वाटेत भूक लागली तर म्हणून. आषाढातल्या एका सकाळी मी ते ठाण्याला पोचवले. साहेब दौऱ्यावर होते. संग्रहाची देखभाल करणारा माणूस पुढे आला. तो ठाण्याच्याच जुन्या ख्रिस्ती वस्तीतला, वयस्क, गळ्यात लहानसा क्रूस असलेला. प्राण्यांची कातडी सोलून त्यात पेंढा भरणे, लहान जीव स्पिरिटच्या बरणीत घालणे हे त्याचे काम. त्याने पिल्लू हातात घेतले तेव्हा ते त्याच्या मनगटाला विळखा घालून बसले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले की मास्तर, हे माणसाळलेले दिसते, घरी कोणी पाळले होते का. मी म्हणालो, नाही, नुकतेच मिळाले आहे.

त्या दिवसांत मारलेल्या दोन थापांपैकी ही दुसरी. मला वाटते हीच अधिक नीच होती, कारण हिची काही गरज नव्हती.

श्रावणात मुलगी पिल्लाला भेटायला न्या म्हणून मागे लागली. मी शाळेची सबब सांगितली, मग पावसाची. शेवटी मी तिला नेले. का नेले हे मला आजपर्यंत नीट सांगता येत नाही. कदाचित मला वाटले असेल की बंगल्याच्या फाटकाशी जाऊन काहीतरी कारण सांगून परत येता येईल. किंवा तिला कधीतरी कळणारच, तर ते माझ्या समोर कळावे, एवढी लाज माझ्यात शिल्लक असेल.

तो वयस्क माणूस ओसरीवरच होता. त्याने मुलीला पाहिले, तिच्या हातातले वारुळाच्या मातीचे मडके पाहिले, आणि त्याला सगळे समजले. तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, पोरीला आत आणू नका. हिला घेऊन तलावावर जा." पण मुलगी तोवर दार ओलांडून आत गेली होती. बाग कुठे आहे ते ती शोधत होती.

खिडकीपाशी बरण्यांची रांग होती. त्यातल्या एका उंच बरणीत पिल्लू होते, उलगडलेले, पाय खाली लोंबते, शेपटी सरळ. बरणीवर चिठ्ठी होती. तीवर लॅटिन नाव, खाली "कल्याण", आणि त्याखाली भेट देणारा म्हणून माझे नाव. ती इंग्रजी अक्षरे तिला मीच शिकवली होती. तिने ती एकेक करून वाचली. मग तिने मडके खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि बाहेर आली. रडली नाही. तिने त्या वयस्क माणसाला विचारले की त्याला दुखले का. तो खाली बसला, तिच्या उंचीला आला, आणि म्हणाला की बाळ, त्याला झोप लागली आणि मग काही कळले नाही. 

परतीच्या वाटेवर ती माझ्या शेजारी बसली, नेहमीसारखी. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. तिने दोन्ही वेळा मान डोलावली. घरी आल्यावर तिने वेताची टोपली उचलून सोनकिडे अंगणात सोडले. त्यांचे दिवस भरतच आले होते, दोघे-तिघे जागेवरून हललेही नाहीत. तिने ते उचलून बाभळीवर ठेवले. कपाटापाशी ती त्यानंतर बसली नाही. मी काही सांगितले तर करी, विचारले तर उत्तर देई, पाणी आणून ठेवी, अंघोळीचा पंचा काढून ठेवी. कोणी पाहिले असते तर म्हणाले असते, किती आज्ञाधारक मुलगी आहे. स्वतः होऊन मला प्रश्न विचारायचे मात्र तिने बंद केले.

तिचे लग्न अकराव्या वर्षी झाले. स्थळ नाशिककडचे, माणसे चांगली. तेराव्या वर्षी ती नांदायला गेली. तिची पत्रे आईच्या नावाने येत. तीर्थस्वरूप अप्पांस साष्टांग नमस्कार, एवढी एक ओळ माझी. माझे पुस्तक दरम्यान छापून झाले होते. साहेबांनी शब्द पाळला. पुस्तकातले सर्वांना आवडलेले पान म्हणजे खवल्या आणि सोनकिडा यांची तुलना. तपासनीस शाळेत आले की तेच पान मुलांकडून म्हणून घेत.

सोळाव्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना होता. चेहरा भरला होता, चालणे जड झाले होते, आणि तिला आईशी बोलताना पाहून मला वाटले की काळाने आपले काम केले आहे. एके दिवशी दुपारी मी शाळेतून आलो तो ती ओट्यावर माझे पुस्तक उघडून बसली होती. मी शेजारी बसलो. तिने बोट तक्त्यावर ठेवले.

"आपण पाटीवर शेवटी एक ओळ लिहिली होती," ती म्हणाली. "ती यात नाही."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होते. पुस्तक पसंत करणाऱ्या मंडळींनी काढली, असे मी आजवर एक-दोघांना सांगितलेही होते. पण मी तिच्याकडे पाहिले आणि मला ते म्हणता आले नाही.

"ती मीच काढली," मी म्हणालो. "त्या ओळीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि ती तिथं ठेवायला मला तोंड नव्हतं."

तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "त्या वेळी मला खरं सांगितलं असतंत, तर मी त्याला डोंगरात सोडून आले असते. तो तिथंही मेला असता कदाचित. पण मातीत मेला असता." आणि उठण्याआधी, "आज खरं सांगितलंत, ते बरं केलंत, अप्पा."

मी त्या वेळी तिच्याजवळ माफी मागायला हवी होती.  बाप मुलीची माफी मागतो, हे मी कुठे पाहिले नव्हते, ते कसे करायचे ते मला येत नव्हते. मी म्हणालो, ऊन उतरले आहे, आत चल, बसून पाठ दुखेल. ती उठली. उठताना तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला. सात वर्षांत पहिल्यांदा. मला वाटले, अजून दिवस आहेत. बाळंतपण सुखरूप होऊ दे, बाराव्या दिवशी नाव ठेवू, मग एकदा बसून सगळे बोलू.

तिला मुलगी झाली. पाचव्या दिवशी तिला ताप भरला. वैद्य आणले, मग इस्पितळातले डॉक्टर आणले. बाळंतज्वर म्हणाले. नवव्या दिवशी सकाळी ती गेली. शेवटचे दोन दिवस ती कोणाला ओळखत नव्हती, त्यामुळे माझे बोलायचे ते राहिलेच. तिची मुलगी तीन आठवडे जगली. माझ्या पत्नीने तिला वातीने दूध पाजले. ती वात पाहून मी घराबाहेर निघून जायचो आणि खाडीच्या धक्क्यावर उभा राहायचो.

मुलगी गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी ठाण्याला गेलो. मला ती बरणी परत हवी होती. पिल्लाला मातीत घालावे, एवढे एकच काम आता तिच्यासाठी करता येण्यासारखे होते. बंगल्यात दुसरे साहेब आले होते. आधीच्या साहेबांची बदली झाली होती आणि संग्रह काही मुंबईला, काही विलायतेला गेला होता. काय कुठे गेले हे कोणाला सांगता आले नाही. मी त्या वयस्क ख्रिस्ती माणसाची चौकशी केली. तो त्याच्या गल्लीत घराच्या पडवीत बसलेला सापडला, नजर अधू झालेली. आवाजावरून त्याने मला ओळखले आणि मुलगी कशी आहे म्हणून विचारले. मी सांगितले. त्याने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटे लावली. मग म्हणाला की त्याने ती बरणी साहेबांच्या नजरेआड मागच्या फळीवर ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांना कधी दाखवली नाही. पण नेणाऱ्यांनी ती नेलीच. मी त्याच्या पडवीत बराच वेळ बसलो. त्याच्यासमोर मला रडू आले. घरी आले नव्हते.

त्यानंतरच्या माघात मी कातकरणीबरोबर मलंगगडाच्या पायथ्याशी गेलो. खवल्या दिसतो का पाहायचे होते. आम्ही दोन दिवस उजाडल्यापासून हिंडलो. जिथे ती आई सापडली होती त्या उतारावर एकही मोठे झाड नव्हते, नुसते बुंधे, आणि त्यांच्यामधून गवत. बिळे होती, पण साळिंदराची. वारुळे अखंड होती, कोणी फोडलेली नव्हती. वारूळ अखंड असणे हीच वाईट खूण, असे कातकरीण म्हणाली. आपल्या लहानपणी एका पावसाळ्यात चार-पाच खवल्या मांजरे दिसत, आता किती वर्षे झाली ते तिला आठवत नव्हते. आपण खाल्ले त्यातलेच ते शेवटचे असावे, असे ती म्हणाली, आणि तिने डोळे पुसले नाहीत की लपवले नाहीत. मी तिला म्हणालो की तुम्ही भुकेपोटी खाल्ले. माझ्याकडे तसे काही कारण नव्हते. वखारीतही आता ओंडके येत नव्हते. जवळपासचे जंगल संपल्यावर लाकूड दुसरीकडून येऊ लागले. त्यामुळे कल्याणात सोनकिडेही दिसेनासे झाले. मोजता येणार नाहीत इतकी अंडी घालणारा तोही गेला. इतक्या वेगवेगळ्या घरांतले हे दोन जीव, पण छप्पर एकच होते. ते मी माझ्या पुस्तकात कुठेही लिहिले नव्हते.

मी शाळेत विनंती करून वरचे वर्ग सोडून दिले आणि पहिलीची मुले घेतली. त्यांना मुळाक्षरे आणि उजळणी शिकवतो. कोणी खिशातून किडा काढून दाखवला तर नाव सांगतो, आणि मधल्या सुट्टीत जिथून आणला तिथे सोडून ये म्हणतो. कपाट एका शिक्षकाला देऊन टाकले.

माझ्या पत्नीने मला या सगळ्यावरून कधी बोल लावला नाही. आम्ही दोघे जेवतो, ओट्यावर बसतो, दसऱ्याला शेजाऱ्यांना सोने वाटतो. ते चार महिने आणि ती श्रावणातली ठाण्याची खेप, यांविषयी आमच्यात आजवर एक शब्द निघालेला नाही. मुलगी माहेरी आली होती त्या दोन महिन्यांत दुपारच्या वेळी ती आईला वाचायला शिकवत होती. हे मला पुष्कळ नंतर कळले, शेजारच्या काकूंकडून. आता मी शाळेत गेलो की माझी पत्नी हाताला लागेल ते वाचते, आणि मी येण्याआधी जागच्या जागी ठेवते. म्हणून ज्या वहीत ही हकीकत लिहिली आहे, ती मी पेटीत ठेवत नाही. खिडकीतल्या कोनाड्यात, तिच्या हाताला येईल अशीच ठेवतो.